विडी कोणते शील मोडते ?



बुद्धविहारात वंदना होते, त्रिशरण-पंचशील होते, धम्मावर चार शब्द बोलले जातात. लोक उठू लागतात आणि मग एखादा नवदीक्षित उपासक संकोचत पुढे येऊन विचारतो, "दीक्षा घेतली त्या दिवसापासून दारूला शिवलो नाही. पण विडी सुटत नाही. पाचव्या शीलात सुरा आहे, मेरय आहे, मज्ज आहे. विडीचे नाव त्यात कोठेच नाही. मग विडी ओढल्याने माझे शील मोडते काय ?"

हा प्रश्न प्रामाणिक आहे. तो विचारणाऱ्याला हसू नये, त्याच्यावर रागावूही नये. ज्याने दारू सोडली त्याने मोठेच काम केले आहे. परंतु त्याचा प्रश्न तसाच सोडून देणेही बरे नाही, कारण त्याच्या उत्तरावर त्याचे आणि त्याच्या घरातील माणसांचे आयुष्य अवलंबून आहे.

पाचव्या शीलात तंबाखूचे नाव नाही हे खरे आहे. ते असणे शक्यही नव्हते. तथागतांच्या काळी जंबुद्वीपात तंबाखूच नव्हती. हे झाड मूळचे अमेरिकेतले. १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचला, त्यानंतर ते युरोपात गेले आणि पुढे पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागले. १६०४ च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदाराने विजापुराहून तंबाखू आणून अकबर बादशहाला दाखविली, अशी इतिहासात नोंद आहे. म्हणजे तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर दोन हजार वर्षांनी ही वस्तू आपल्याकडे आली. जी वस्तू देशातच नव्हती तिचे नाव शीलात शोधून काय उपयोग ?

कोणी अभ्यासू बंधू म्हणेल, "विनयपिटकात तर भगवंतांनी धूर घेण्याची परवानगी दिली आहे !" होय, दिली आहे. भिक्खू पिलिन्दवच्छ यांना डोकेदुखीचा त्रास होता. तेल लावून पाहिले, नाकात औषध घालून पाहिले, गुण येईना. तेव्हा औषधी धूर नळीने घेण्यास अनुमती मिळाली. ते आजाऱ्याचे औषध होते. विडीने कोणता आजार बरा होतो ते विडी ओढणाऱ्यानेच सांगावे.

तेव्हा नाव सोडा आणि अर्थ पाहा. पाचव्या शीलाच्या शेवटी एक शब्द येतो, 'पमादट्ठान'. पमाद म्हणजे बेसावधपणा आणि ठान म्हणजे जागा. ज्या जागी मनुष्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो, त्या जागेपासून दूर राहण्याची ही प्रतिज्ञा आहे. विडी ओढणारा दारुड्यासारखा झिंगत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण खोकून खोकून छाती भरून येते, डॉक्टर बजावून सांगतो, बायको हात जोडते, स्वतःलाही सर्व कळते आणि तरीही हात खिशाकडे जातो. यापेक्षा ताबा सुटणे ते आणखी कोणते ?

पण बंधूंनो, तुम्ही पाचव्या शीलापाशीच का थांबता ? पहिल्या शीलाकडे पाहिलेत काय ? प्राणिमात्राला इजा करण्यापासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा आपण सर्वांत आधी घेतो. विडीचा धूर ओढणाऱ्याच्या छातीत जातो तसा तो एका खोलीच्या घरात झोळीतल्या मुलाच्याही छातीत जातो. चुलीपाशी बसलेल्या गरोदर सुनेच्या श्वासात जातो, कोपऱ्यात पडलेल्या म्हाताऱ्या आईच्याही श्वासात जातो. अशा घरातील मुलांना दमा, न्यूमोनिया आणि कानाचे रोग अधिक होतात. धुरात राहणाऱ्या गरोदर स्त्रीचे मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका असतो. त्या मुलाने विडी मागितली नव्हती. त्याला नकार देता येत नाही, घराबाहेर जाता येत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याला इजा करणे, हे पहिले शील मोडणे आहे. म्हणून विचारणाऱ्या उपासकाला माझे उत्तर असे आहे की, बाबा रे, विडी पाचव्या शीलाला तडा देते आणि पहिले शील तर उघड उघड मोडते.

आता केवळ शास्त्रात आहे म्हणून किंवा कोणी सांगितले म्हणून हे मानू नका. केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी हेच शिकविले. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः तपासा, आणि ज्याने आपले व दुसऱ्याचे अहित होते असे कळेल ते टाकून द्या, असा त्या उपदेशाचा सार आहे. चला तर, विडीला याच कसोटीवर घासून पाहू.

पुष्कळांचा समज असा की सिगारेट वाईट, पण विडी गरिबाची, पानाची, म्हणून ती साधी. हा समज पार चुकीचा आहे. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते खरी. पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही आणि ती सारखी विझू पाहते. ती पेटती ठेवण्यासाठी माणसाला अधिक वेळा आणि अधिक जोराने झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे डांबरासारखा चिकट पदार्थ, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सिगारेटइतकाच, कधी कधी त्याहूनही जास्त फुप्फुसात उतरतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांतली सुमारे सत्तर कर्करोग करणारी आहेत.

आपल्या देशातील ११ लाख घरांमधून माहिती गोळा करून डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रीचे ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे १० वर्षांनी कमी होते. सहा वर्षे म्हणजे काय हे समजून घ्या. मुलगी दहावीला असताना बाप गेला तर तिचे शिक्षण थांबते. तोच बाप सहा वर्षे अधिक जगला तर ती पदवीधर होते. कित्येक घरांत एवढाच फरक असतो.

आणि क्षय ! आपल्या वस्त्यांना क्षयरोगाची ओळख करून देण्याची गरज नाही. तमिळनाडूत मृत्यू पावलेल्या ४३ हजार पुरुषांची माहिती तपासून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये क्षयाने मरण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट असल्याचे त्यात दिसले. क्षयाचे जंतू पुष्कळांच्या शरीरात शिरतात. धुराने भाजलेल्या फुप्फुसाला त्यांचा प्रतिकार करता येत नाही. त्याखेरीज हृदयविकार आहे, पक्षाघात आहे, तोंडाचा, घशाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग आहे, जिना चढताना धाप लावणारा दमा आहे. विडी ओढणाऱ्यांना पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा एक आजार होतो. प्रथम चालताना पोटरी दुखते, मग बोट काळे पडते आणि विडी सोडली नाही तर शेवटी पाय कापावा लागतो. ज्याचे पोट हातापायांवर आहे, त्याने पायाची किंमत विडीने चुकवावी काय ?

"आमचा आजा ऐंशी वर्षे जगला, तो दिवसभर चिलीम ओढायचा," असे कोणी सांगतो. बंधूंनो, चालत्या गाडीतून उडी मारणारा एखादा वाचतो, म्हणून शहाणा मनुष्य आपल्या मुलाला उडी मारायला शिकवीत नाही. जो आजा वाचला तो आठवतो. जे पन्नाशीच्या आत गेले त्यांच्या गोष्टी सांगायला कोण उरले?

दुसरा म्हणतो, "दिवसभर राबतो. विडी ओढली की थकवा जातो, डोके चालते." हे त्याला खरेच वाटते, त्यात तो लबाडी करीत नाही. पण यामागची खूण समजून घ्या. झुरका घेतल्यावर निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. थोड्या वेळाने त्याचा अंमल उतरतो, तेव्हा जीव कासावीस होतो, चिडचिड होते, हात थरथरतो. पुन्हा विडी ओढली की ही कासाविशी थांबते आणि माणसाला वाटते, थकवा गेला. म्हणजे विडीनेच पायात काटा रुतवायचा, विडीनेच तो काढायचा आणि वर उपकारही विडीचेच ! तथागतांनी तृष्णेला दुःखाचे मूळ का म्हटले, हे समजण्यासाठी विडीइतके सोपे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

पिढ्यान्‌पिढ्या आपण दुसऱ्याच्या हुकमावर उठलो आणि बसलो. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला माणूस म्हणून उभे केले. त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९२७ च्या डिसेंबरात महाडला, त्यांनी आपल्या माताभगिनींना बजावले होते की नवरा असो वा मुलगा, दारू पिऊन येईल तर त्याला जेवू घालू नका. व्यसनाविरुद्धचा लढा हा त्यांच्या दृष्टीने मुक्तीच्या लढ्याचाच भाग होता. आता मालकाचा हुकूम मोडणाऱ्या माणसाने बोटभर लांबीच्या विडीचा हुकूम पाळावा, सकाळी डोळे उघडताच तिची आज्ञा ऐकावी, हे धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाला शोभते काय ?

हिशेबही मांडा. समजा, कोणी दिवसाला वीस रुपयांच्या विड्या ओढतो. वर्षाचे ७,३०० रुपये झाले, दहा वर्षांचे ७३,००० रुपये. काडेपेटी आणि डॉक्टर यांत धरलेले नाहीत. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग खाण्यापिण्यासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि एक भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. त्याच सुत्तात व्यसनाने धन जाते, कलह वाढतात, रोग जडतात, असेही सांगितले आहे. आपल्या घरी अडीअडचणीसाठी राखायचा चौथा भाग धुरात जातो आणि अडचण आली की मग सावकार आठवतो.

आता एक गोष्ट नवदीक्षितांनी मुद्दाम ऐकावी. तथागतांच्या पहिल्या शिष्यांत तीन भाऊ होते, उरुवेल काश्यप, नदी काश्यप आणि गया काश्यप. ते जटाधारी होते, अग्नीचे पूजक होते. नेरंजरा नदीच्या काठी त्यांचे आश्रम होते. उरुवेल काश्यपाचे पाचशे शिष्य, नदी काश्यपाचे तीनशे आणि गया काश्यपाचे दोनशे. उरुवेल काश्यपाला धम्म पटला, तेव्हा त्याने आणि त्याच्या शिष्यांनी आपल्या जटा कापल्या आणि अग्निपूजेचे सारे साहित्य नदीत सोडून दिले. खालच्या अंगाला राहणाऱ्या नदी काश्यपाला ते पाण्यावरून वाहत येताना दिसले. भावावर काही संकट तर आले नाही ना, म्हणून तो धावत आला आणि तोही धम्मात आला. मग तिसरा भाऊ आला. या हजार नवदीक्षितांना तथागतांनी गयाशीर्षावर जो उपदेश केला तो आगीविषयी होता. लोभ, द्वेष आणि मोह यांच्या आगीने माणसाची इंद्रिये जळत आहेत, ती आग ओळखा आणि विझवा, असे त्यांना सांगितले गेले.

या कथेत आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. एक अशी की त्यांनी पूजेचे साहित्य घराच्या माळ्यावर 'लागले तर असावे' म्हणून जपून ठेवले नाही. आपणही देव्हारे उतरवले तेव्हा एखादा देव कोनाड्यात लपवून ठेवला नाही. मग विडीचे बंडल तेवढे उशाखाली का राहावे ? दुसरी गोष्ट अशी की एका भावाने सोडलेले पाहून दुसरा भाऊ आला. घरात एकाने विडी टाकली की ती वाहत जाताना दुसऱ्याला दिसते. आणि एकाने ओढली की तेही दिसते. 'जा रे, दुकानातून बंडल घेऊन ये,' असे बाप सातवीतल्या पोराला सांगतो, तेव्हा तो त्याला पहिला धडा देतो. २००३ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे हा गुन्हा आहे. कायद्याने ज्याच्या हाती ती द्यायची नाही, त्याच्याच हाती बाप ती देववितो !

एका गोष्टीबाबत मात्र सावध राहा. विडीचा निषेध करताना विडी वळणाऱ्या भगिनीचा अवमान होऊ देऊ नका. सिन्नर, सोलापूर, गोंदिया, भंडारा, कामठी अशा ठिकाणी हजारो स्त्रियांनी मांडीवर सूप घेऊन, पाठ वाकवून, तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत विड्या वळल्या आणि लेकरे जगविली. त्यांना दुसरा रोजगार मिळाला पाहिजे, ही आपली मागणी असली पाहिजे. आपण एकमेकांना 'जयभीम' करतो. हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी या विडी मजुरांना संघटित केले होते. १९३७ साली ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले आणि १९३९ च्या जानेवारीत, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांना आपल्यातून नेले. तोंडाने 'जयभीम' म्हणताना त्याच तोंडात क्षयाला बोलावणारी वस्तू धरू नये, एवढे तरी त्यांचे ऋण आपण मानले पाहिजे.

"आता सोडून काय उपयोग ? जे व्हायचे ते होऊन गेले," असे साठीतले बाबा म्हणतात. बाबा, तसे नाही. इंग्लंडमध्ये सर रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३४ हजार डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षे लक्ष ठेवले. तिसाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांचे सुमारे १० वर्षांचे आयुष्य वाचले, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे ९, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे ६ आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांचेही ३ वर्षांचे. शेवटची विडी विझल्यावर बारा तासांत रक्तातील विषारी वायू उतरतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोकाही ओढत राहणाऱ्याच्या निम्मा होतो. शरीर तुमच्यावर राग धरीत नाही. संधी दिली की ते सुधारू लागते.

आता सोडायची कशी ? एक दिवस ठरवा. येणारी पौर्णिमा धरा, बाबासाहेबांची जयंती धरा किंवा मुलीचा वाढदिवस धरा. त्या दिवशी सकाळी सर्व कुटुंबाने त्रिशरण-पंचशील ग्रहण करावे आणि घरातील विड्या, चिलीम, तंबाखूची डबी सर्वांदेखत कचऱ्यात टाकावी. चहानंतर, जेवणानंतर, नाक्यावर मित्र भेटल्यावर तलफ येणार, हे आधीच ओळखून ठेवा. त्या वेळी घोटभर पाणी प्या, बडीशेप चघळा, चार पावले चाला. पहिले तीन-चार दिवस जड जातात. दोन-चार आठवड्यांत शरीराची कासाविशी बरीच उतरते.

तलफ आली की आनापान करा. डोळे मिटून आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास पाहा. तलफ उठते, वाढते आणि काही मिनिटांत ओसरते. सर्व संस्कार अनित्य आहेत हे आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. ते खरे आहे की नाही हे इथे स्वतः पाहायला मिळते. ज्या श्वासाने तथागतांनी ध्यान शिकविले तो श्वास धुराला विकू नका.

एखाद्या दिवशी पाय घसरलाच तर 'माझ्याने होत नाही' म्हणून बसू नका. लहान मूल चालायला शिकताना पडते आणि पुन्हा उठते. शील पुन्हा ग्रहण करा. एकट्याने जमत नसेल तर सरकारी दवाखान्यात जा. तलफ कमी करणारी औषधे, निकोटिनचे च्युइंग गम आणि चिकटपट्ट्या आज मिळतात. विडीच्या बंडलावर आणि सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा फुकट दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. तेथे सल्ला मिळतो. रोग जडल्यावर डॉक्टरकडे जाण्यापेक्षा रोग टाळण्यासाठी जाणे शहाणपणाचे आहे.

घरच्यांनीही आपले कर्तव्य ओळखावे. सोडणारा माणूस काही दिवस चिडखोर होतो. त्याला टोमणे मारू नका, करुणेने सांभाळून घ्या. मातांनो, तुम्ही त्याला समजावताना स्वतःची मशेरीची डबीही बाजूला ठेवा. तरुणांनो, बापाची विडी सुटावी म्हणताना स्वतःचा खर्रा आणि गुटखा लपवू नका. धूर निघत नाही म्हणून ती तंबाखू काही निराळी होत नाही. आणि विहारांच्या समित्यांनी ठरवावे की विहाराच्या आवारात कोणी विडी ओढणार नाही आणि लग्नात, नामकरणात पाहुण्यांपुढे पान-विडीचे तबक फिरणार नाही.

उपासकांनो, पुढच्या वेळी पंचशील ग्रहण करताना पहिल्या शीलापाशी क्षणभर थांबा. आपल्या घरातील सर्वांत लहान मूल डोळ्यांपुढे आणा. त्याला इजा करणार नाही, असे मनापासून म्हणा आणि मग खिशात हात घालून काय सापडते ते पाहा. जे सापडेल त्याचे काय करायचे, हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही.

नमो बुद्धाय ! जयभीम !